विल्किन्सनची कारकीर्द एका किकची नव्हती

जॉनी विल्किन्सनचे नाव निघाले की बोलणे सिडनीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 22 नोव्हेंबर 2003, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, जादा वेळेतली शेवटची 26 सेकंदे, कमकुवत समजल्या जाणाऱ्या उजव्या पायाने मारलेला ड्रॉप गोल आणि 20–17 असा विजय. त्यानंतरचा निवाडाही ठरलेला असतो. वयाच्या चोविसाव्या वर्षी हा माणूस शिखरावर पोहोचला, मग दुखापतींनी त्याला गाठले आणि पुढची सगळी वर्षे त्या एका क्षणाच्या पुण्याईवर निघाली, असे म्हणतात. त्याला जोडून दुसरा आरोप येतो: तो खेळाडू कमी आणि किकर जास्त होता, चेंडू हातात घेऊन धावण्यात रग्बीचे जे सौंदर्य आहे, ते त्याच्या इंग्लंडने गुणांच्या हिशेबासाठी बळी दिले. तिसरा आरोप सहानुभूतीचा वेश घेऊन येतो: सरावाच्या वेडाने त्याने स्वतःचे शरीर आणि मन मोडून घेतले, म्हणून त्याच्या कारकिर्दीकडे आदर्श म्हणून नव्हे तर इशारा म्हणून पाहावे. ही तिन्ही मते एकमेकांच्या आधाराने उभी आहेत आणि वर्षानुवर्षांच्या उजळणीने त्यांना सर्वमान्य सत्याची प्रतिष्ठा मिळाली आहे. माझ्या मते तिन्ही चुकीची आहेत आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. फ्लाय-हाफ नावाचा खेळाडू मैदानावर नेमके काय काम करतो, हे न समजता त्याचे मोजमाप केले जाते.

ते काम आधी समजून घेऊ. रग्बी युनियनमध्ये पंधरा जणांच्या संघात दहा क्रमांकाची जर्सी फ्लाय-हाफची असते. पुढचे आठ धिप्पाड खेळाडू स्क्रम, लाइनआउट आणि रकमधून चेंडू मिळवतात, स्क्रम-हाफ तो बाहेर काढतो आणि बहुतेक वेळा पहिला पास फ्लाय-हाफकडे येतो. इथून पुढे काय घडणार, हे त्याला क्षणार्धात ठरवायचे असते. स्वतः धावायचे, बाहेरच्या खेळाडूंकडे पास द्यायचा, की किक मारून खेळ प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत नेऊन ठेवायचा? त्याचा निर्णय चुकला की उरलेले चौदा जण चुकीच्या जागी उभे राहतात. हा निर्णय तो शांतपणे, सवडीने घेत नाही. प्रतिस्पर्धी संघाचे फ्लँकर त्याच्यावर धावून येत असतात, कारण त्याला आडवा पाडणे हेच त्यांचे पहिले काम असते. 1995 साली रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाले. त्यानंतर खेळाडू अधिक वजनदार आणि वेगवान झाले, बचावाच्या रांगा आखीव झाल्या आणि मोकळी जागा आक्रसत गेली. विल्किन्सन 1997 मध्ये न्यूकॅसलच्या क्लबमध्ये दाखल झाला, म्हणजे त्याची जवळपास सगळी कारकीर्द या बदललेल्या खेळात गेली. अशा खेळात किक हा भित्र्याचा पर्याय उरत नाही. जागा कुठे आहे आणि ती केव्हा मिळेल, याचे उत्तर पुष्कळदा किकमध्येच असते.

आता त्या प्रसिद्ध किककडे वळू. जी पुन:पुन्हा दाखवली जाते ती चित्रफीत काही सेकंदांची असते, म्हणून ती घटनाही काही सेकंदांची होती असे समजले जाते. प्रत्यक्षात एल्टन फ्लॅटलीने पेनल्टी मारून 17–17 अशी बरोबरी केली तेव्हा सामना जवळपास संपलेला होता. इंग्लंडने पुन्हा खेळ सुरू करताना चेंडू खोलवर मारला, ऑस्ट्रेलियाने तो बाहेर काढला आणि इंग्लंडला लाइनआउट मिळाले. स्टीव्ह थॉम्पसनने चेंडू रांगेच्या टोकाशी असलेल्या लुईस मूडीपर्यंत अचूक फेकला. मग मॅट डॉसन बचावातल्या फटीतून घुसला आणि मोलाचे अंतर कापून गेला, पण तो रकखाली अडकला. तेव्हा कर्णधार मार्टिन जॉन्सनने घाई केली नाही. आणखी एक धडक मारून त्याने डॉसनला उठून आपल्या जागी यायला वेळ दिला. त्यानंतरच चेंडू मागे उभ्या असलेल्या विल्किन्सनकडे आला. ही साखळी कशासाठी रचली गेली होती? शेवटच्या कडीवर सगळ्यांचा विश्वास होता म्हणून. त्याच सामन्यात विल्किन्सनचे ड्रॉप गोलचे आधीचे तीन प्रयत्न चुकले होते. तीनदा चुकूनही जॉन्सन, डॉसन आणि संघातल्या कुणालाही दुसरा मार्ग शोधावासा वाटला नाही. सहकाऱ्यांचा असा विश्वास एका क्षणात मिळतो का? तो सामन्यामागून सामना, सरावामागून सराव मिळवावा लागतो. त्या किकमध्ये नशीब पाहणाऱ्यांना ती साखळी दिसलेलीच नाही.

याच सामन्यातला आणखी एक प्रसंग सोयीस्करपणे विसरला जातो. पहिल्या सत्रात लॉरेन्स डॅलालिओ बचाव फोडून पुढे निघाला आणि त्याने चेंडू आत विल्किन्सनकडे दिला. विल्किन्सनने बचावपटूला स्वतःकडे ओढून घेतले आणि नेमक्या क्षणी बाहेर पास दिला. कोपऱ्यात जेसन रॉबिन्सनने ट्राय नोंदवला. संपूर्ण सामन्यातला इंग्लंडचा तो एकमेव ट्राय होता. म्हणजे इंग्लंडच्या 20 गुणांपैकी 15 विल्किन्सनच्या पायातून आले आणि उरलेले पाच त्याच्या हातातून गेले. मग हा निव्वळ किकर कसा?

‘कंटाळवाण्या इंग्लंड’चा आरोप तर नोंदींपुढे टिकतच नाही. 2001 च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत इंग्लंडने 29 ट्राय नोंदवले. त्या संघाचा फ्लाय-हाफ विल्किन्सन होता. त्याच वर्षी इटलीविरुद्ध इंग्लंड 80–23 असा जिंकला. 2003 मध्ये डब्लिनला आयर्लंडचा 42–6 असा पराभव करून इंग्लंडने ग्रँड स्लॅम पूर्ण केला. त्या जूनमध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 25–14 असा विजय मिळाला आणि त्यात विल ग्रीनवुड, माइक टिंडल व बेन कोहेन यांचे तीन ट्राय होते. त्याआधी आठवडाभर वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध परिस्थिती उलटी होती. दोन खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसल्यामुळे काही काळ इंग्लंडला तेरा जणांनिशी झुंजावे लागले. तिथे संघ 15–13 असा जिंकला आणि पंधराही गुण विल्किन्सनचे होते. एकाच महिन्यातले हे दोन सामने शेजारी ठेवले तर काय दिसते? जिथे जागा होती तिथे संघ धावला, जिथे जागा नव्हती तिथे त्याने गुण जमवले. परिस्थिती ओळखून खेळाचे रूप बदलणे, हेच तर फ्लाय-हाफचे काम आहे.

विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याचा दाखला नेहमी दिला जातो. पावसात भिजलेल्या सिडनीत इंग्लंडने फ्रान्सला 24–7 असे हरवले आणि चोवीसही गुण विल्किन्सनचे होते: पाच पेनल्टी आणि तीन ड्रॉप गोल. फ्रान्सने ट्राय केला, इंग्लंडने एकही केला नाही, म्हणून या विजयाला कोरडा ठरवले जाते. पण पेनल्टी येते कुठून? ती आकाशातून पडत नाही. समोरचा संघ स्वतःच्या हद्दीत दाबला जातो, थकतो, रकमध्ये नियम मोडतो, तेव्हा ती मिळते. तो दाब निर्माण करण्यासाठी आधी चेंडू तिथवर न्यावा लागतो आणि निसरड्या चेंडूनिशी ते काम पायच अधिक खात्रीने करतो. पेनल्टीचे तीन गुण नियमांनी मुद्दाम ठेवले आहेत. ते मिळण्याची भीती नसती, तर बचाव करणाऱ्या संघाने प्रत्येक रकमध्ये बेकायदा चेंडू अडवला असता आणि धावण्याचे सौंदर्य पहिल्या दहा मिनिटांत संपले असते. अचूक किकर समोर असला की प्रतिस्पर्ध्याला नियमात राहावे लागते. धावणाऱ्यांना जागा मिळवून देण्यात त्या किकरचाही वाटा असतो, ही गोष्ट सौंदर्यवाद्यांनी समजून घ्यायला हवी.

शिवाय ड्रॉप गोलला कमी लेखण्याचा नियम सगळ्यांना सारखा लावला जात नाही. 1995 च्या अंतिम सामन्यात जोएल स्ट्रान्स्कीने जादा वेळेत ड्रॉप गोल मारून दक्षिण आफ्रिकेला न्यूझीलंडविरुद्ध 15–12 असे जिंकून दिले. संघाचे सगळे पंधरा गुण त्याचेच होते. तो विजय एका देशाच्या इतिहासाचा भाग मानला जातो आणि तो सन्मान योग्यच आहे. 1999 च्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या स्टीफन लारकमने जादा वेळेत दूरवरून ड्रॉप गोल मारला. लारकम तर धावत खेळणाऱ्या फ्लाय-हाफचा नमुना समजला जातो. 2015 मध्ये न्यूझीलंडच्या डॅन कार्टरने उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत ड्रॉप गोल मारले. या तिघांच्या बाबतीत त्याला प्रसंगावधान म्हणायचे आणि विल्किन्सनच्या बाबतीत कंटाळवाणेपणा म्हणायचा, याला कोणता निकष म्हणावा? ज्या किकने स्ट्रान्स्की आणि कार्टर मोठे ठरतात, तिनेच विल्किन्सन लहान कसा ठरतो?

कार्टरचा उल्लेख आला, म्हणून विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याला सामोरे जायला हवे. कार्टरने 112 कसोटींत 1,598 गुण केले. विल्किन्सनचे इंग्लंड आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्स मिळून 97 कसोटींत 1,246 गुण झाले. 2005 मध्ये वेलिंग्टनला लायन्सविरुद्ध कार्टरने एका सामन्यात 33 गुण केले, तेव्हा समोर विल्किन्सन होता. चेंडू घेऊन बचाव चिरण्यात कार्टर अधिक सहज होता, हे मला मान्य आहे. मात्र एकाची प्रतिभा मान्य केली म्हणून दुसऱ्याची रद्द होत नाही. बचावाच्या बाबतीत तर विल्किन्सनने या जागेची व्याख्याच बदलली. त्याच्याआधी फ्लाय-हाफला टॅकलपासून जपायचे, त्याच्या आजूबाजूला फॉरवर्ड उभे करायचे, अशी सर्वसाधारण समजूत होती. विल्किन्सन स्वतःहून पुढे सरसावून भल्याभल्या देहांना आडवे करत असे. 2000 साली पॅरिसमध्ये त्याने फ्रान्सच्या एमिल न्तामॅकला ज्या ताकदीने मागे फेकले, त्याचा दाखला आजही दिला जातो. त्याच सामन्यात इंग्लंड 15–9 असा जिंकला आणि पंधराही गुण त्याचेच होते. आज दहा क्रमांकाच्या खेळाडूने टॅकल चुकवला तर त्याला जाब विचारला जातो. ही अपेक्षा रुजवण्यात विल्किन्सनइतका वाटा क्वचितच कुणाचा असेल. त्याला निव्वळ किकर म्हणणाऱ्यांनी या टॅकलचे काय करायचे ठरवले आहे?

दुखापतींचा प्रश्नही इथेच सुटतो. मान, खांदा, गुडघा, मूत्रपिंड अशी ती यादी लांब आहे आणि तिच्यामुळे विश्वचषकानंतर इंग्लंडच्या जर्सीत परत येण्यास त्याला 1,169 दिवस लागले. यातून ‘वाया गेलेली कारकीर्द’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी परतल्यावर काय झाले तेही सांगावे. 3 फेब्रुवारी 2007 रोजी ट्विकनहॅमला स्कॉटलंडविरुद्ध सामना होता, कलकत्ता चषकाचा. कलकत्त्याच्या रग्बी क्लबने विसर्जित होताना आपले चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला होता आणि 1878 मध्ये इंग्लंडच्या संघटनेला दिला होता. इंग्लंड 42–20 असा जिंकला, त्यातले 27 गुण विल्किन्सनचे होते आणि त्यांत ट्राय, कन्व्हर्जन, पेनल्टी, ड्रॉप गोल असे गुण मिळवण्याचे चारही प्रकार होते. त्याच वर्षीच्या विश्वचषकात तो जायबंदी असताना इंग्लंड दक्षिण आफ्रिकेकडून 36–0 असा हरला. त्या दिवशी बाकी उणिवाही होत्याच. सगळा दोष एका अनुपस्थितीवर टाकता येत नाही. तरी पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियावर 12–10, बाराही गुण त्याचे. उपांत्य सामन्यात फ्रान्सवर 14–9, शेवटच्या मिनिटांतले निर्णायक गुण त्याचे. अंतिम सामन्यात इंग्लंड 15–6 असा हरला, पण ज्या संघाला गटातच मोडीत काढले गेले होते, तो अंतिम फेरीत उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याने नील जेंकिन्सचा 1,090 आंतरराष्ट्रीय गुणांचा विक्रम मागे टाकला. चार विश्वचषकांत मिळून त्याचे 277 गुण झाले. ‘2003 नंतर संपलेला’ खेळाडू तो हाच का?

सर्वांत मोठे उत्तर मात्र टूलाँचे आहे आणि तेच सर्वांत कमी सांगितले जाते. 2009 मध्ये, बारा वर्षांनी न्यूकॅसल सोडून, तो फ्रान्सच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावरच्या या क्लबमध्ये गेला. दुखापतींनी पोखरलेला, तिशीला टेकलेला खेळाडू परदेशी पैशासाठी निवृत्तीची वर्षे काढायला चालला आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. तो पाच हंगाम खेळला. जगभरातले नामवंत गोळा केलेल्या त्या संघाचे कर्णधारपद त्याने सांभाळले, तेही परक्या भाषेत आणि परक्या ड्रेसिंग रूममध्ये. 2013 च्या हाइनेकेन चषकाच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात टूलाँने सारासेन्सला 24–12 असे हरवले आणि सगळे 24 गुण त्याचे होते. डब्लिनच्या अंतिम सामन्यात मागे पडलेला संघ क्लेरमाँविरुद्ध 16–15 असा जिंकला आणि आघाडी मिळवून देणारे कन्व्हर्जन त्याचेच होते. त्या वर्षी तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2014 मध्ये कार्डिफला सारासेन्सला 23–6 असे नमवून टूलाँने तो चषक राखला. आठवडाभराने पॅरिसमध्ये कास्त्रवर 18–10 असा विजय मिळवून 1992 नंतर प्रथमच फ्रान्सचे विजेतेपद मिळवले. तो विल्किन्सनचा शेवटचा सामना होता. पस्तिसाव्या वर्षी, युरोप आणि फ्रान्स ही दोन्ही विजेतेपदे मिळवून निवृत्त होणाऱ्या खेळाडूला ‘एका क्षणाचा नायक’ म्हणणे, म्हणजे 2003 नंतरच्या अकरा वर्षांकडे पाहायलाच नकार देणे आहे.

उरतो तो सरावाच्या वेडाचा मुद्दा. किकिंग प्रशिक्षक डेव्ह ॲल्रेड यांच्याबरोबर तो तासन्‌तास किक मारत राहायचा, मनासारखी बसेपर्यंत थांबायचा नाही, हे खरे आहे. चिंतेने आणि नैराश्याने आपल्याला ग्रासले होते, हे त्याने स्वतः मोकळेपणाने सांगितले आहे. त्या त्रासाला गौरवाचा मुलामा देऊ नये आणि कोणत्याही तरुण खेळाडूला त्याचे अनुकरण करायला सांगू नये, इथवर मी टीकाकारांबरोबर आहे. पण त्यापुढची उडी मला अमान्य आहे. त्याच्या मोठ्या दुखापतींपैकी कितीतरी सामन्यांतल्या धडकांतून आल्या, सरावाच्या मैदानावर चेंडूशी एकटा असताना नव्हे. ज्या धाडसी बचावाचे कौतुक झाले, त्याचीच ही किंमत होती. या किमतीची जबाबदारी एका खेळाडूच्या स्वभावावर ढकलून दिली की खेळ चालवणाऱ्यांना स्वतःला प्रश्न विचारावे लागत नाहीत: एका हंगामात माणसाने किती सामने खेळावेत, जायबंदी खेळाडूला केव्हा परत बोलवावे, मनाच्या दुखण्याकडे कुणी लक्ष द्यावे? आणि एखाद्या माणसाने स्वतःच्या वेदनेबद्दल प्रामाणिकपणे बोलल्यावर त्याचीच साक्ष त्याच्या कामाविरुद्ध वापरायची, हा कुठला न्याय? खेळाडूंनी याविषयी बोलावे असे खरोखर वाटत असेल, तर बोलणाऱ्याची कारकीर्द त्याच्या आजाराचे उदाहरण म्हणून वाचणे आधी थांबवले पाहिजे.

त्याच्या चुका नाहीत असा माझा दावा नाही. 2001 मध्ये लायन्सच्या दुसऱ्या कसोटीत त्याचा पास ऑस्ट्रेलियाच्या जो रॉफने मध्येच पकडून ट्राय केला आणि मालिकेचे पारडे फिरले. 2011 च्या विश्वचषकात त्याच्या किक वारंवार चुकल्या. पण फ्लाय-हाफच्या कारकिर्दीचे मोल चुका न होण्यात नसते. चूक झाल्यावर पुढचा चेंडू पुन्हा त्याच्याकडेच यावा असे सहकाऱ्यांना वाटते का, यावर ते ठरते. रॉफच्या त्या ट्रायनंतर विल्किन्सनला दुसऱ्या कसोटीतून स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. आठवड्याने तिसऱ्या कसोटीत तोच दहा क्रमांकाच्या जर्सीत उभा होता आणि त्याने 18 गुण केले. सिडनीत तीन प्रयत्न चुकल्यानंतर चौथ्या वेळी चेंडू त्याच्याकडेच आला. 1,169 दिवसांनी इंग्लंडने त्यालाच बोलावले. टूलाँने कर्णधारपद त्यालाच दिले. इतक्या वेगवेगळ्या संघांनी, इतक्या वेगवेगळ्या वेळी केलेली ही एकच निवड योगायोगाने होत नाही.

म्हणून विल्किन्सनचे मोजमाप करायचे असेल तर फ्लाय-हाफच्याच मापाने करा. निर्णय घेण्याची तयारी, त्याची किंमत शरीराने चुकवण्याची हिंमत आणि चुकल्यानंतरही तीच जबाबदारी पुन्हा अंगावर घेण्याचे बळ, हे ते माप आहे. या मापाने 1998 च्या पदार्पणापासून 2014 च्या निवृत्तीपर्यंतची सोळा वर्षे सलग उभी राहतात आणि सिडनीचा ड्रॉप गोल त्यांतला एक अटळ परिणाम ठरतो. त्या किकने विल्किन्सनला घडवले नाही. विल्किन्सन जो होता, त्याने ती किक शक्य केली. त्याला एका क्षणात कोंडणारे मत सौम्य शब्दांत मांडले तरी अन्यायाचेच आहे, आणि खेळावर प्रेम करणाऱ्यांनी ते आता टाकून द्यायला हवे.